वॉर्सात पाहण्यासारखे काय आहे?

युरोपची सफर करून आलेल्या मनुष्याकडे चहाला जाणे म्हणजे हल्ली निकाल ऐकायला जाणे झाले आहे. प्रवाशाने पाहिले काय, ह्यापेक्षा त्याने 'सोडले' काय, ह्याचीच हकीकत अधिक रंगते. अमुक शहर करावे, तमुक टाळावे, येथे दोन रात्री काढाव्यात, तेथे अर्धा दिवसही फार, असे शेरे परीक्षकाने उत्तरपत्रिकांवर मारावेत तितक्या सहजतेने मारले जातात. अशाच एका घरी मध्यंतरी पोलंडची हकीकत ऐकण्याचा योग आला. यजमान मूळचे कोल्हापूरचे, सुशिक्षित, वाचनाचा नाद असलेले गृहस्थ. क्राकोव शहराची त्यांनी मनापासून स्तुती केली. वॉर्साचे नाव निघताच मात्र हात झटकून म्हणाले, "वॉर्सा सोडा. तेथे पाहण्यासारखे काय आहे? जुने शहर म्हणून जे दाखवितात ते सगळे १९५० नंतरचे. नाटकाचा पडदा आहे तो. नकली!" मंडळींनी माना डोलावल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात पोलंडास जाऊ इच्छिणाऱ्या एका कुटुंबाने वॉर्साची राखून ठेवलेली रात्र तेथल्या तेथे कापून टाकली.

हे मत त्यांचे एकट्याचे असते तर त्यापायी मासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु जुने तेवढे अस्सल, आणि अस्सल तेवढेच पाहण्याजोगे, हा समज आपल्याकडील रसिक म्हणविणाऱ्या प्रवाशांत इतका मुरला आहे की त्याला कोणी हटकीत देखील नाही. तो समज चुकीचा आहे. इतकेच नव्हे, तर त्याच्यामुळे आपण ज्या देशात जातो तो देश आपल्याला दिसेनासा होतो, असे माझे म्हणणे आहे.

वाद घालण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या खेपेस मीही हेच म्हणालो होतो. बाजारचौकातील घरे मला फार नीटनेटकी दिसली, त्यांचे रंग फार ताजे वाटले. आणि माहितीपत्रकात 'पुनर्रचना' हा शब्द वाचताच माझ्यातील रसिक एकदम शहाणा झाला. त्या घरांकडे पाहून घटकाभर जो आनंद झाला होता तो आपण फसल्यामुळे झाला, अशी उगाच लाज वाटली. ती लाज खोटी होती हे कळण्यास दुसरी खेप पडली.

वॉर्सात घडले काय ते आधी पाहू. १९३९ साली जर्मनीने पोलंडवर स्वारी केली तेव्हा ह्या शहराची वस्ती सुमारे १३ लाख होती. त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला तोफांच्या माऱ्यात राजवाड्याच्या मनोऱ्यावरील घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडले. शहर हाती आल्यावर जर्मनांनी राजवाड्याच्या भिंतींत सुरुंगासाठी भोके पाडून ठेवली, आणि तो भोके पडलेला वाडा जवळजवळ पाच वर्षे तसाच उभा राहिला. १ ऑगस्ट १९४४ रोजी शहराने उठाव केला. तो ६३ दिवस चालला. त्यात दीड ते दोन लाख नागरिक प्राणास मुकले. वाड्यातले सुरुंगही त्याच धामधुमीत, सप्टेंबरात उडविले गेले. ऑक्टोबरच्या आरंभी उठाव शरण आला आणि उरलेल्या लोकांस घराबाहेर काढून शहर रिकामे करण्यात आले.

येथवरच्या गोष्टीस युद्ध म्हणता येईल. ह्यापुढे जे झाले त्याला तो शब्द लावता येत नाही. रिकाम्या शहरात, समोर शत्रू नसताना, जर्मन तुकड्या घरामागून घर जाळीत व उडवीत सुटल्या. कोणती इमारत अगोदर पाडावयाची हे इतिहासातील तिच्या महत्त्वावरून ठरविले जाई. जुनी हस्तलिखिते जेथे एकत्र आणून ठेविली होती ते क्रासिन्स्की ग्रंथालय शरणागतीनंतर जाळण्यात आले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९४५ च्या जानेवारीत सोव्हिएत व पोलिश फौजा आत शिरल्या तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग नष्ट झालेला होता. राजधानी आता दुसरीकडे न्यावी काय, ह्याचा विचार त्या वेळी गंभीरपणे झाला. परंतु लोक त्या विचाराची वाट पाहत बसले नाहीत. थंडीच्या दिवसांत, ढिगाऱ्यांतून वाट काढीत, ते आपापल्या तळघरांत परत आले.

अशा ठिकाणी फेब्रुवारी १९४५ मध्ये राजधानी-पुनर्रचनेची कचेरी उघडली गेली. स्मारकांचा विभाग यान झाखवातोविच ह्या वास्तुशास्त्रज्ञाकडे होता. स्मारकरक्षणाच्या शास्त्राचा तोपर्यंतचा दंडक असा होता की, पडलेले पुन्हा उभारू नये, उरलेले सांभाळावे. झाखवातोविचला हा दंडक ठाऊक नव्हता असे नाही. तो स्वतः ते शास्त्र शिकविणारा. आपण जे उभारीत आहो ते अस्सल नसणार, हे त्याने १९४६ साली स्पष्ट शब्दांत लिहून ठेविले आहे. दंडक मोडतो हे जाणून त्याने तो मोडला. शत्रूने एका राष्ट्राची स्मृतीच योजना आखून पुसावयास घेतली असताना शास्त्राचे सोवळे पाळीत बसणे म्हणजे शत्रूचे काम पुरे करून देणे होय, असा त्याचा सरळ युक्तिवाद होता. आता आमच्या यजमानांस विचारावेसे वाटते की, नकली म्हणजे तरी काय? फसविण्यासाठी केलेले ते नकली. येथे कोणी कोणास फसविले? बांधणाऱ्यानेच 'हे अस्सल नव्हे' असे आधी सांगितले, आणि १९८० साली हे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत गेले तेदेखील जवळजवळ संपूर्ण पुनर्रचनेचा असामान्य नमुना म्हणून. जी गोष्ट दवंडी पिटून सांगितलेली आहे ती शोधून काढल्याची फुशारकी प्रवाशाने मारावी, हा चातुर्याचा मोठा अजब प्रकार आहे!

बरे, हे काम झाले तरी कसे? येथे वाटाडे एक गोड गोष्ट सांगतात की, अठराव्या शतकातील चित्रकार कानालेत्तो ह्याची चित्रे समोर ठेवून सारे जुने शहर जसेच्या तसे बांधले. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. हा कानालेत्तो म्हणजे व्हेनिसचा सुप्रसिद्ध कानालेत्तो नव्हे. त्याचा भाचा बेर्नार्दो बेलोत्तो, जो मामाचे नाव वापरी व पोलंडच्या शेवटल्या राजाच्या पदरी होता. त्याची वॉर्साची २२ चित्रे आज राजवाड्यात एका दालनात लावलेली आहेत. त्यांचा उपयोग झाला खरा, पण तो मुख्यतः राजवाड्याकडून निघणाऱ्या रुंद रस्त्यांवरील प्रासाद व देवळे ह्यांच्या बाबतीत. शिवाय चित्रकारच तो; कोठे एखादी खिडकी त्याने सुधारून घेतली, कोठे एखादी भिंत अधिक देखणी केली. त्याची ही कल्पना काही ठिकाणी पुढे विटाचुन्यात उतरली. चित्रातील लबाडी दोनशे वर्षांनी खरी व्हावी, ही गंमत अस्सलपणाच्या भक्तांनी अवश्य पाहून यावी.

बाजारचौकाचा खरा आधार निराळा. वॉर्साच्या तंत्रविद्यालयातील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी युद्धापूर्वी जुन्या घरांची मोजमापे घेऊन नकाशे काढले होते, आणि जर्मन अमलातही हे काम चोरून चालले होते. उठावानंतर शहर जळत असताना हे कागद बाहेर काढून पिओत्रकुफ येथील एका मठात लपविण्यात आले. अभ्यासाची वही म्हणून विद्यार्थ्याने जिन्याच्या पायऱ्या मोजाव्यात, आणि काही वर्षांनी तो जिना पुन्हा बांधण्यास जगात तेवढीच वही उरावी, हा योग विरळा. नवा चौक २२ जुलै १९५३ रोजी खुला झाला. राजवाड्यास मात्र १९७१ पर्यंत थांबावे लागले. तो लोकांच्या वर्गणीतून बांधला गेला. १९३९ पासून वस्तुसंग्रहालयाच्या लोकांनी जीव धोक्यात घालून उचलून नेलेले दगड, चौकटी व नक्षीचे तुकडे त्याच्या नव्या भिंतींत जागच्या जागी बसविलेले आहेत. मनोऱ्यावरचे घड्याळ १९७४ साली पुन्हा सुरू झाले, ते सव्वाअकराच्याच ठोक्याला.

आणि जसेच्या तसे तरी कोठे बांधले? सेंट जॉनच्या प्रधान मंदिरास युद्धापूर्वी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वळणाचा दर्शनी भाग होता. तो पुन्हा न करता मध्ययुगात ते कसे दिसत असावे ह्याचा तर्क करून नवा बांधला. चौकातील घरांच्या पाठीमागची दाटीवाटीची आगारे गाळून टाकली, आत कामकरी कुटुंबांसाठी उजेडाच्या खोल्या केल्या, आणि बाहेरच्या भिंतींवर १९५० नंतरच्या चित्रकारांनी आपल्या काळाची चित्रे रेखाटली. राजवाड्यासमोरच्या चौकाखालून तर १९४९ साली मोटारींचा व ट्रामचा भुयारी रस्ता गेला. हा नाटकाचा पडदा असेल तर त्यामागे माणसे राहतात, कपडे वाळत घालतात, आणि ट्रामने कामावर जातात.

आता क्राकोवकडे वळू. कारण वॉर्साला हिणविण्याचे हत्यार म्हणून नेहमी क्राकोवच उपसले जाते. आगगाडीने दोन-अडीच तासांचा प्रवास. वाटेत सपाट प्रदेश. शेतांच्या अरुंद पट्ट्या, बर्चची पांढरी खोडे, आणि दक्षिणेस जसजसे जावे तसतशी हळूहळू लाटा घेऊ लागणारी जमीन. वर्णन करावे असे ह्या प्रदेशात फारसे नाही, पण सैन्ये इतक्या वेळा ह्या देशावरून का चालून गेली ते खिडकीतून पाहताच समजते. कोठेही अडविणारे असे काही नाही.

क्राकोव सुंदर आहे. त्याविषयी वाद नाही. परंतु तेथील अस्सलपणाची जरा झडती घेऊ. चौकाच्या मधोमध जो कापडबाजार आहे त्याच्या कमानींखाली बसून प्रत्येक प्रवासी मध्ययुगाचे श्वास घेतो. मूळ इमारत १५५५ साली जळाली व नव्या वळणाने पुन्हा बांधली गेली. आणि त्या ज्या कमानी, त्या १८७५ ते १८७९ ह्या वर्षांत बसविलेल्या आहेत, म्हणजे मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या वयाच्या. वावेल टेकडीवरील राजप्रासादात एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियन शिपायांच्या बराकी होत्या. आज दिसणारे त्याचे वैभव विसाव्या शतकातील दुरुस्तीचे फळ आहे. व्हाइट श्टोसची भव्य लाकडी वेदी अस्सल खरीच, पण तीही जर्मनांनी न्यूर्नबर्गला पळविली होती व १९४६ साली पोलंडास परत आली. तात्पर्य, जुने नगर म्हणजे काळाने जपलेली वस्तू, ही कल्पनाच भाबडी आहे. प्रत्येक जुने नगर कोणीतरी पुनःपुन्हा बांधलेले असते. वॉर्साने ते दहा वर्षांत केले, क्राकोवने चारशे वर्षांत. आणि तेवढ्यामुळे एक लबाड व दुसरे साधू ठरते!

क्राकोवच्या ज्यू वस्तीत, कझिमिएझमध्ये, तर ह्या कसोटीचा पुरता बोजवारा उडतो. तेथील प्रार्थनामंदिरे खरी, गल्ल्या खऱ्या, कबरींचे दगड खरे. संध्याकाळी उपाहारगृहांतून ज्यूंची गाणी वाजतात, पाट्यांवरील अक्षरांना हिब्रू अक्षरांचा डौल दिलेला असतो. युद्धापूर्वी ह्या शहरात साठ हजारांहून अधिक ज्यू होते. आज त्या उपाहारगृहांत पदार्थ वाढणारे, गाणारे व ऐकणारे बहुतेक सारे दुसरेच आहेत. दगड जागच्या जागी आणि माणसे नाहीशी, असे हे अस्सल ठिकाण. आमच्या यजमानांनी त्याचे वर्णन करताना 'किती जिवंत वातावरण!' असे उद्गार काढले, तेव्हा मला घास गिळवेना.

पण वॉर्साची वकिली घेतली म्हणून तिच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे मला कारण नाही. उलट, नकली-नकली म्हणून ओरडणारे ज्या ठिकाणी बोट ठेवावयास पाहिजे तेथे कधीच ठेवीत नाहीत, हीच माझी मुख्य तक्रार आहे. जुन्या शहरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर मुरानूफ नावाची वस्ती आहे. युद्धापूर्वी वॉर्साच्या लोकवस्तीतील सुमारे एक-तृतीयांश लोक ज्यू होते, आणि मुरानूफ त्यांच्या वस्तीचा गाभा. १९४० साली भिंत घालून चार लाखांहून अधिक ज्यूंना कोंडले गेले ते ह्याच भागात; १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांतील बहुतेकांना त्रेब्लिंका येथे नेऊन मारले गेले; १९४३ च्या एप्रिल-मे मध्ये उरलेल्यांनी शस्त्र उचलले, आणि त्यानंतर ती सगळी वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. १६ मे १९४३ रोजी मोठे प्रार्थनामंदिर सुरुंगाने उडविण्यात आले. ह्या भागाचे पुढे काय झाले? ढिगारा इतका होता की तो उचलून न्यावयाचा कोठे असा प्रश्न पडला. म्हणून त्याच्यावरच, त्याच्याच चुऱ्याचे ठोकळे पाडून, नवीन घरे बांधण्यात आली. म्हणूनच आज तेथील कित्येक इमारती रस्त्यापेक्षा उंच बांधावर उभ्या दिसतात आणि चार पायऱ्या चढून अंगणात जावे लागते. त्या पायऱ्यांखाली काय आहे हे सांगावयास नको. मोठ्या प्रार्थनामंदिराच्या जागी काचेचा निळा मनोरा आहे.

येथे मला त्या लपविलेल्या कागदांची आठवण येते. वॉर्सात आणखीही काही कागद लपविले गेले होते. इमानुएल रिंगेलब्लुम नावाच्या इतिहासकाराने भिंतीआडच्या जीवनाची टिपणे, रोजनिशा, शाळकरी निबंध, जाहिराती, अशी सुमारे ३५,००० पाने सोबत्यांच्या साहाय्याने गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या किटल्यांत भरून पुरून ठेविली. १९४६ व १९५० साली ती सापडली. एका कागदांवरून चौक पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या कागदांवरून काहीही उभे राहिले नाही. ते एका संस्थेत जपून ठेविले आहेत, आणि जो जाईल त्याला वाचावयास मिळतात. कोणती स्मृती विटांत बांधावयाची आणि कोणती कपाटात ठेवावयाची, हे कोणीतरी ठरविले. ते कोणी व का ठरविले, हा वॉर्सातील चौकात उभे राहून विचारण्याचा प्रश्न आहे.

विटांची गोष्ट तर ह्याहून अवघड आहे. राजधानीसाठी विटा कमी पडल्या तेव्हा त्या पश्चिमेकडच्या शहरांतून आणल्या. व्रोत्स्वाफ, म्हणजे १९४५ पूर्वीचे जर्मन ब्रेस्लाऊ, त्यांत अग्रेसर. ह्या शहरातील जर्मन रहिवाशांस हाकलण्यात आले होते, आणि सोव्हिएत युनियनकडे गेलेल्या पूर्व प्रदेशातून निर्वासित झालेले पोल लोक तेथे आणून वसविले होते. त्या परक्या शहराच्या भिंती उतरवून वॉर्साच्या भिंती चढविल्या. ग्दान्स्कमध्येही जुनी घरे पुन्हा बांधताना प्रशियन काळाच्या खुणा टाकून त्याच्या आधीचे रूप पसंत केले. ह्याला अन्याय म्हणावयाचे की गरज? मला वाटते दोन्ही होते. परंतु ज्याला विटेचे वय तेवढे दिसते त्याला हा पेच दिसतच नाही. कारण त्या विटा, पाहा गंमत, अगदी अस्सल जुन्या आहेत!

आपल्या मंडळींना ही कसोटी घरी कधी लावावीशी वाटत नाही, ह्याचेही मला नवल वाटते. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ अहिल्याबाईंनी १७८० साली बांधले. मूळचे नाही म्हणून कोणी मराठी यात्रेकरू दारातून परत फिरल्याचे ऐकिवात नाही. पुरीस जगन्नाथाच्या मूर्तीच ठरावीक काळाने नव्या लाकडाच्या घडवितात, आणि त्या वर्षी गर्दी कमी न होता दसपट होते. आमच्या आज्यांना जे समजत होते ते विमानाने हिंडणाऱ्या नातवंडांना समजू नये, ह्याचे कारण एवढेच की परदेशात आपण यात्रेकरू म्हणून जात नाही. गिऱ्हाईक म्हणून जातो, आणि गिऱ्हाइकाला माल खरा की खोटा एवढीच चिंता.

त्या दिवशी चहा संपत आला तेव्हा मी यजमानांना एक गोष्ट विचारली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले, इराणमार्गे आलेले सुमारे ५,००० पोल, बहुतेक बायका व मुले, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत राहत होते, हे त्यांना माहीत होते. त्यांच्या लहानपणी घरात त्या छावणीच्या गोष्टी निघत. पोल गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले व त्याचे गांधीनगर झाले, हेही त्यांनीच मंडळींना सांगितले. त्या पोल लोकांपैकी पुष्कळांची गावे युद्धानंतर पोलंडात राहिलीच नव्हती; परत जावयाचे तर कोणत्या घरी, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता.

"त्या छावणीची स्मरणशिला वॉर्सात आहे," मी म्हटले. "क्रासिन्स्की बागेजवळ, मोंते कासिनोच्या स्मारकाला लागून. जुन्या शहरातून चालत जाता येते. मुरानूफ तेथून जवळच. शिलेवर कोल्हापूरचे नाव आहे."

यजमान क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपल्या सफरीची छापील कार्यक्रमपत्रिका टेबलाच्या खणातून काढली, चष्मा लावला, आणि वॉर्साच्या दिवशी दुपारी तीन ते पाच ह्या वेळेपुढे काय लिहिले आहे ते पाहू लागले. तेथे 'खरेदीसाठी मोकळा वेळ' असे छापलेले होते.